सरकारी शेळी

होंड्याहून वाळपईला जाताना तिसऱ्या वळणाआधी
ती दिसेल तुम्हाला, डाव्या हाताला:
पिवळी, बुटकी, पाठीवर सोलरची पाटी,
वेग ताशी दीड किलोमीटर.
पोरं तिला सरकारी शेळी म्हणतात.
हॉर्न वाजवू नका, ती दचकत नाही.

मी तिचा राखणदार. हुद्दा: सहायक, वनस्पती व्यवस्थापन.
आधीचा हुद्दा: गवतकाप, रोजंदारी.
एकवीस वर्षं मी या रस्त्याची दाढी केली,
चतुर्थीआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा,
इतकी गुळगुळीत, की मंत्र्याच्या गाडीला
एका पात्यानंही उभं राहून नमस्कार करू नये.

शेळीचं तसं नाही.
रानमोडी दिसली की मुळाशी वाकते,
दाताच्या डॉक्टरसारखी, सावकाश.
तेरड्याला वळसा. कुर्डूला वळसा.
एकदा बेडकापुढे सव्वा तास उभी राहिली;
बेडूक कंटाळून गेला, मग हलली.
कंत्राटदार म्हणाला, माणूस असता
तर दुपारीच घरी धाडला असता.

चतुर्थीला आठ दिवस होते. वळणावर ती थांबली.
फोनवर अक्षरं आली:
वेल. ओळख एक्केचाळीस टक्के.
कापू की राखू? माणसाला विचारा.

माणूस म्हणजे मी.
मला वेल म्हणजे वेल.
एकवीस वर्षांत मी कशालाच
नाव विचारून कापलं नव्हतं.
पणजीला फोन लावला, एल्विना इंजिनिअरला.
ती म्हणाली, गावात कुणी माटोळी बांधणारं असेल ना?

होता. गुणो गावस.
कांगलं, माट्टी, घागऱ्या, वाघनखी,
कुठल्या कुंपणात काय पिकलंय
ते त्याला रेशनच्या तारखेसारखं पाठ.
चार वर्षांपूर्वी याच वळणावर गेला.
खांद्यावर कटर घरघरत होता,
मागून पिसुर्ल्याचा रिकामा ट्रक.

सुकांतीला बोलावलं, जरा भीतच.
ती आली डोक्याला टॉवेल गुंडाळून.
वेलीकडे पाहिलंच नाही.
शेळीभोवती एक फेरी घातली आणि विचारलं,
"मागून गाडी आली तर हिला ऐकू येतं?"

मी म्हटलं, येतं. दोनशे मीटरवरून. बाजूला होते.

"बरं."
नंतर बराच वेळ
रस्त्यावरून एकही गाडी गेली नाही.

मग ती वाकली, पानं सारली:
हिरव्या शेंगा, जोडीजोडीनं, शिंगांसारख्या.
"हरणदोडी. तुला ठाऊक नाही?
हिच्यापाशी आला की त्याचं मशीन
खोटं खोटं बंद पडायचं."

आठवलं.
स्पार्क प्लग पुसत बसलेला गुणो,
माझ्या शिव्या,
हजेरीच्या वहीत अर्धा दिवस काटलेला,
पुढे एक शब्द: आळशी.
वही मीच लिहायचो.
आणि त्या शेवटच्या वर्षी त्याला
नवंकोरं मशीन मीच मागून दिलं होतं,
बंद न पडणारं.

सुकांतीनं दोन जोड्या खुडल्या, बाकी वेलीवर ठेवल्या.
शेळीनं नोंद केली: मानवी हस्तक्षेप, एक.
मी टाइप केलं: हरणदोडी. राखा.
खाली रकाना होता: माहिती देणाऱ्याचं नाव.
"माझं नको," ती म्हणाली आणि निघाली.
मी लिहिलं, गुणाजी गावस.

मोबाइल क्रमांक अनिवार्य आहे, म्हणालं.

मी माझा घातला.
शेळी वेलीला वळसा घालून पुढे गेली.
आता कधी अनोळखी नंबरावरून कुणी विचारलं,
गुणाजी आहेत का,
तर फोन मला उचलावा लागेल.